भिंतीवरची निळी बाई

प्रिय मास्तर,

जन्मभर तुम्हाला 'अहो' म्हटलं, पण कागदावर ते लिहवेना. म्हणून अख्खं गाव म्हणायचं तेच लिहिते. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, मग आजच का लिहायला बसले? कारण काल गावसभेत मी तुमचा ब्रश हातात धरला! थांबा, सगळं सांगते.

तो दुष्काळ आठवतो ना? सरकारी विहीर कुठं खणायची, यावर शाळेसमोरच्या पारावर रोज सभा. सगळे एकदम बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी जो तो म्हणायचा, "म्या असं बोललोच न्हाई." तुम्ही वैतागलात. चित्रकलेचा मास्तर, दुसरं करणार काय? गेरू आणि काजळी कालवून शाळेच्या भिंतीपुढं उभे राहिलात. जो बोलेल त्याचं तोंड, आणि शेजारी त्याचं म्हणणं, ठळक वळणदार अक्षरात. विहीर मळ्याकडं मागणारे गेरूनं, गावठाणात मागणारे काजळीनं. वाचता न येणाऱ्यालाही चित्रावरून कळायचं. तुकाअप्पांच्या मिशा तर अशा काढल्यात की अप्पाच हसले, "मास्तर, ह्यो मीच हाय. आता फिरता येत न्हाई!"

त्या दिवशी जेवायला वाढताना मी विचारलं, "आमी बोललो ते कुटं हाय भितीवर?"

"तुम्ही बायका कधी बोललात?"

"बोललो की. शाळंमागं बसून, आपापसात."

तुमचा घास हातातच राहिला. मग मी सांगितलं. ओढ्याच्या वाळूत पाण्यासाठी झिरा उकरला, की काठावरच्या चिंचेपाशी तो लवकर भरतो. रोज हंडा घेऊन जाणाऱ्या बाईलाच हे ठाऊक!

सकाळी तुम्ही माझी तिसगावच्या बाजारातली नीळ घेऊन गेलात आणि भिंतीवर काढलंत: चिंच, झिरा, हंड्यांची रांग आणि बोलणारी एक बाई. सरपंच भडकले, "बायांचं बोलनं भितीवर? पुसा ते!" त्यांनी मनात आणलं असतं तर तुमची बदली झाली असती. तुम्ही शांतपणे म्हणालात, "जे बोललं गेलं ते पुसायचं नसतं." मी मात्र घरी येऊन म्हटलं, पुसून टाका की हो. त्याची मला अजून लाज वाटते.

मग दुष्काळी कामाचे ओव्हरसियर आले. कितीतरी वेळ त्या भिंतीपुढं उभे राहिले. चिंचेपाशी खणून तर बघू, म्हणाले. आणि पाणी लागलं! सगळं गाव तिकडं धावलं. तुम्ही मात्र निळ्या बाईचा पदर गडद करत बसला होतात. किती अभिमान वाटला मला तुमचा! तोंडानं कधी सांगितलं नाही, आता सांगते.

पण एक तक्रार आहे. ती बाई पाठमोरी का काढलीत? प्रत्येक बाप्याच्या मिशा वेगळ्या आणि माझ्या वाट्याला नुसता पदर! विचारलं तर म्हणालात, "बायकोचं तोंड भिंतीवर काढलं तर गाव काय म्हणेल?" सरपंचाला न घाबरणारा माणूस, इथं मात्र लाजला!

आता कालचं ऐका. पाण्याची टाकी कुठं बांधायची यावर सभा होती. या वेळी आम्ही बायका पारासमोरच बसलो होतो. नव्या गुरुजींनी वही उघडली, तशी माझ्या शेजारची पारूबाई उठली, "वही नगं. मास्तरावानी भितीवर काडा. आमाला बी दिसलं पायजे." गुरुजी म्हणाले, मला चित्र जमत नाही. मग सरपंचच म्हणाले, "मास्तरीनबाई, तुमी घ्या बरं ब्रश हातात." तेच सरपंच, पुसा म्हणणारे!

शाळेच्या कपाटातून तुमचा ब्रश काढला. तुकाअप्पांच्या मिशा पार बिघडल्या, झुरळासारख्या दिसतात. पण पारूबाई समोरून काढली, कपाळावरच्या गोंदणासकट. आज सकाळपासून ती दोनदा बघून गेली.

मास्तर, सगळं गाव भिंतीवर आणलंत, स्वतःला मात्र कुठंच नाही. घरात तुमचा एक फोटोसुद्धा नाही. म्हणून शब्द देते, पुढच्या सभेला सुरुवात तुमच्यापासून. कोपऱ्यात, समोरून, निळीनं. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. तेही शेजारी लिहीन.

तुमची, निळ्या पदराची,
सुमन