बत्ताशाला हळद लागली

कोल्हार,
पोळ्यानंतरचा पहिला रविवार

ती. सौ. जयाताईस,

ज्या क्षणी तुझ्या बत्ताशाने बेलापुरातल्या कुत्र्यांच्या पार्लरमध्ये टेबलावरून थेट माझ्या डोक्यावर उडी मारली आणि वर बसल्या बसल्या माझी कॉलर ओली केली, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. आधी हे सांगून टाकतो आणि मग रीतसर सुरुवात करतो. एक हात कागदावर आणि दुसरा तुझ्या कुत्र्याच्या पुढच्या डाव्या पायावर ठेवून तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. (पाय सोडला की तो भुंकतो. का, ते पुढे येईल.) भिंगारला तुम्ही दोघं खुशाल असालच. दाजींच्या शिंका थांबल्याचं तू फोनवर सांगितलंस, ऐकून आनंद झाला. शिंका थांबल्या म्हणून येत्या रविवारी येऊन बत्ताशाला परत नेणार आहेस, हेही ऐकलं. त्याच्यावर मी काही बोललो नाही, कारण फोनवर मी बोलायला लागलो की तू हसतेस आणि तू हसलीस की माझं डोकं फिरतं. कागदावर मला पुरतं बोलता येतं आणि तुझं हसू ऐकूही येत नाही.

तर तुझं कुत्रं. आठ दिवसांसाठी म्हणून तू ते कापसाचं पांढरं बोंड आमच्या ओसरीवर सोडून गेलीस, त्याला आता पाऊसकाळ उलटत आला. जाताना म्हणालीस, याच्या केसांच्या गुठळ्या झाल्यात, कुठंतरी नीट कापून आण. ‘कुठंतरी’ म्हणजे बेलापूरला, राहीबाईंच्या शिलाईच्या दुकानात. त्यांच्या लेकीने, धनश्रीने, पुण्याला शिकून येऊन अर्ध्या दुकानात पडदा लावून कुत्र्यांना आंघोळ घालायचं, केस कापायचं, नखं काढायचं काम सुरू केलं आहे. बाहेर पाटीही आहे, कुत्र्याच्या चित्राची. (सुरुवातीला दोन-तीन बायका भुवया कोरायला आल्या होत्या म्हणे. आत टेबलावर कुत्रं बघून ब्लाऊजचं माप देऊन गेल्या.) मी बत्ताशाला शर्टाच्या आत घालून गाडीवरून नेलं, टेबलावर ठेवलं, तिने केस वाळवायचं मशीन चालू केलं आणि मग ते झालं जे वर सांगितलं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. कॉलर ओली झालेली, डोक्यावर कुत्रं. मी आधी मशीनवर ओरडलो, मग कुत्र्यावर, मग पाटीवर. तिने बटण बंद केलं, बत्ताशाला माझ्या डोक्यावरून अलगद उतरवून घेतलं आणि म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर थांबा. तो मशीनला नाही घाबरला, तुम्हाला घाबरलाय.”

आता तुला तुलना करता यावी म्हणून सांगतो. कॉलेजात त्या सरांनी मला वर्गाबाहेर हो म्हटलं तेव्हा मी वर्गाबाहेर पडलो, मग फाटकाबाहेर पडलो आणि आजवर आत गेलेलो नाही. इथं मात्र बाहेर थांबा म्हटल्यावर मी पायरीवर बसलो. नुसता बसलो नाही ताई, पाय जुळवून बसलो. रस्त्यावरून टेम्पो जात होते, माझी कॉलर वाळत होती आणि पडद्यामागून ती तुझ्या कुत्र्याशी ज्या आवाजात बोलत होती त्या आवाजात आपल्या घराण्यात अजून कुणी कुणाशी बोललेलं नाही.

केस तिने त्या दिवशी कापलेच नाहीत. म्हणाली, पिल्लू आहे, आज धरून-दाबून कापले तर जन्मभर कात्री बघितली की चावेल. आधी सवय लावायची. आणि मला गृहपाठ दिला. रोज त्याचे पंजे हातात घ्यायचे, कान उघडून बघायचे, दातांवरून बोट फिरवायचं. कंगवा आधी नुसता हुंगायला द्यायचा. मशीनसारखा आवाज लांबून ऐकवायचा आणि आवाज चालू असेपर्यंत खाऊ द्यायचा, म्हणजे त्याला वाटतं आवाज आला की काहीतरी चांगलं होतं. घरात कुणी ओरडायचं नाही, दार आपटायचं नाही. आणि अधूनमधून त्याला पार्लरात नुसतं बसायला आणायचं, काही न करता. हे शेवटचं कलम ऐकून मी म्हटलं, आपण बाकी कसेही असू, हा गृहपाठ मनापासून करायचा. (नुसतं बसायला कोल्हारहून बेलापूर. पेट्रोल कशाला जळतंय ते आईला कळेना.)

घरी काय झालं ते आईने तुला फोनवर सांगितलं असेल, पण तिची बाजू खरी धरू नकोस. मशीनसारखा आवाज आपल्या घरात फक्त मिक्सरचा. म्हणून आईने शेंगदाण्याची चटणी वाटायला घेतली की मी बत्ताशाला ओसरीवर घेऊन बसायचो आणि तुकडा तुकडा भरवायचो. धनश्रीने उकडलेल्या चिकनचे तुकडे सांगितले होते, पण तेव्हा श्रावण लागलेला आणि आईच्या घरात श्रावणात चिकन म्हणजे मीच घराबाहेर. मग उकडलेलं रताळं. तुझ्या कुत्र्याने सगळे श्रावणी सोमवार रताळ्यावर काढले आहेत, आईपेक्षा त्याचं पुण्य जास्त भरेल. परिणाम असा, की आता मिक्सर नुसता फळीवरून खाली घेतला तरी तो स्वयंपाकघरात जाऊन मागच्या पायांवर उभा राहतो आणि मिक्सर बंद केला की रडतो. आई परवा शेजारी जाऊन चटणी वाटून आली. दार आपटायचं नाही हे तर सगळ्यात अवघड गेलं. चौकट माझ्याच हाताने हललेली आहे हे तुला माहीत आहे. आताशा मला राग आला की मी दारापर्यंत जातो, बत्ताशाकडे बघतो, दार दोन्ही हातांनी धरून लावतो, आणि तोवर राग कशाचा होता तेच विसरतो.

पंज्यांचं मात्र जरा जास्तच जमलं. समोर कुणीही बसलं की तो आपणहून पाय हातात देतो, एक धरला की दुसरा, दुसरा धरला की तिसरा. वीजबिल द्यायला आलेल्या माणसालाही दिला. आप्पा हे सगळं सुपारी कातरत बघत असत. त्यांनी आधी जाहीर केलं की कुत्र्याला न्हाव्याकडं नेणारं पोरगं त्यांनी कोल्हारात पहिल्यांदाच बघितलं आणि ते त्यांच्याच पोटचं निघालं. मग एक दिवस म्हणाले, “कालेज अर्ध्यात सोडलं. आता हे कुत्रं तरी पुरं भादरून आन.” तेवढंच बोलले. पण ताई, ते लागलं.

आणि तरीही मी सावकाश चाललो होतो, ते का तेही सांगतो. सवय पुरी झाली की केस कापून होणार, केस कापून झाले की बेलापूर बंद. म्हणून धनश्रीने विचारलं की मी गंभीर चेहऱ्याने सांगायचो, अजून बिचकतो हो. आणि हे गद्दार कुत्रं तेवढ्यात स्टुलावरून टेबलावर चढून तिला पाय द्यायचं. ती एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, बिचकतंय खरं कुणीतरी. शेवटी तिने पोळ्याच्या सकाळची वेळ दिली. कंगवा, आंघोळ, कात्री, सगळं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीला, आप्पा दरवर्षीप्रमाणे वाटीत तूप-हळद घेऊन गोठ्यात बसले. हरण्याचे खांदे मळले, सर्ज्याचे मळले, दोघांच्या कानात आवतन दिलं. वाटीत थोडं उरलं. बत्ताशा समोर जाऊन बसला आणि त्याने आप्पांच्या हातात पाय दिला. आप्पांना वाटलं, जनावर आपणहून मागतंय. झालं. मी चारा टाकून येतो तर तुझं पांढरंशुभ्र कुत्रं मानेपासून शेपटीपर्यंत हळदीच्या नवरदेवासारखं पिवळं, केस तुपाने चपटे, आणि आप्पा त्याच्या कानाशी वाकून अगदी प्रेमाने म्हणतायत, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.”

माझं डोकं फिरलं. मी किती ओरडलो ते लिहीत नाही, पलीकडच्या वस्तीवर विचार. बत्ताशा बैलगाडीखाली गेला तो बाहेर येईना. मी हात पुढे केला तर त्याने पाय पोटाखाली घेतला. ज्याने वीजबिलवाल्याला पाय दिला त्याने मला दिला नाही. आप्पा वाटी पुसत म्हणाले, “आपल्याकडं आलं म्हनून लावलं रं. घरातलं समजून.” आणि आत गेले. ताई, तेव्हा मला कळलं की उद्या हा टेबलावर थरथरला तर धनश्री बघता क्षणी ओळखेल की कोण ओरडलं. आणि आप्पांचं ‘अर्ध्यात’ खरं होईल. मी गाडीच्या चाकाशी खाली बसलो. काही बोललो नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही, धनश्रीने तसंच सांगितलं होतं. पायाला मुंग्या आल्या. आईने दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी गुडघ्यावर काहीतरी तुपकट टेकलं. बघितलं तर डावा पाय. (तेव्हापासून हा पाय मी धरून ठेवायचा असा त्याने नियम केला आहे.)

पोळ्याला सकाळी आप्पांनी स्वतः त्याच्या गळ्यात हरण्याचा जुना गोंडा बांधून दिला. मी तशाच पिवळ्या कुत्र्यासह बेलापुरात शिरलो. धनश्री इतकी हसली की राहीबाई शिलाई सोडून आत आल्या आणि त्याही हसल्या. कुणी हसलं की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. तसं काही झालं नाही. तिने त्याला पुन्हा पुन्हा साबण लावला, तूप गेलं, हळद राहिली. पण तो ताई, टेबलावर मानाच्या बैलासारखा उभा राहिला. कान दिले, चारही पाय दिले, कात्री चालली तेव्हा डोळे मिटले, आणि मशीन लागल्यावर रताळ्याची वाट बघत झोपून गेला. झाल्यावर ती म्हणाली, शाब्बास, आता दोन महिने आणायची गरज नाही.

दोन महिने. मला काहीतरी बोलायचं होतं, रस्ताभर पाठ केलेलं. (हरण्यासमोर म्हणूनही बघितलं होतं. त्याने नुसता कान हलवला.) त्यातलं एक अक्षर आठवेना. कानात फक्त आप्पांचा आवाज होता, आणि तोंडातून तेच गेलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.”

ती शेतकऱ्याचीच पोर. टॉवेल घडी करता करता थांबली. म्हणाली, “मी काय बैल आहे?” मी मान खाली घातली, गोंडा उचलला, कुत्रं शर्टात घातलं. पायरी उतरलो तेव्हा मागून म्हणाली, “आणि आवतन घरधनी देतो. आप्पांना सांगा द्यायला.”

घरी येऊन हे सगळं मी फक्त हरण्याला सांगितलं, आणि तेव्हापासून घरात हळू हळू दारं लावत फिरतो आहे. तुला सांगायचं एवढंच, की तुझ्या कुत्र्याने माझा फार छळ मांडला आहे. खुशाल येऊन घेऊन जा. दाजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
कल्याण

ता. क. वरचं ‘घेऊन जा’ मनावर घेऊ नकोस. शिंका एकदा थांबल्या म्हणजे कायमच्या थांबतात असं काही नाही, दाजींची काळजी घे. शिवाय तो अजून पिवळाच आहे. आणि तुमच्या मिक्सरचा आवाज त्याला आवडेल की नाही, कोण सांगणार?

ता. क. २. पण रविवारी ये. कुत्र्यासाठी टोपली आणू नकोस, आप्पांसाठी शब्द आण. त्यांच्यापुढे माझी जीभ उचलत नाही, आणि ते तुझं ऐकतात. राहीबाईंचं घर चांगलं आहे, मुलगी स्वतःच्या पायावर उभी आहे, आणि आपलं पोरगंही एक काम शेवटापर्यंत करून आलं आहे, एवढंच म्हण. एवढ्यासाठीच हे पत्र, बाकीचं फाडलंस तरी चालेल.

ता. क. ३. पाकीट बंद करत होतो तर बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बघतो तर आप्पा इस्त्रीचं धोतर नेसून, टोपी घालून माझ्या गाडीवर मागे बसलेत आणि मांडीवर बत्ताशा. मी विचारलं, कुठं? म्हणाले, बेलापूर. मी म्हटलं, आता दोन महिने काही काम नाही. तर म्हणाले, “बेलापुरास्नं येऊन हरण्यापुढं बोलत हुतास तवा मी पलीकडं गव्हाणीत चारा टाकत हुतो. आवतन घरधनी देतो, एवढं त्या पोरीला कळतं, तुला न्हाई. चल.” आप्पांनी एका हाताने त्याचा डावा पाय धरला आहे. ताई, रविवारी तू नाही आलीस तरी चालेल. नाही, येच. निघतो. दार लावून घेतो, हळू.