इरासाठी आखूड इ

६ नोव्हें., गुरु.
मधुरानं आज इंग्रजी गोष्टीचं पुस्तक हातातून काढून घेतलं. सूनबाई गोड बोलूनच घेते. "बाबा, रागावू नका हं. इराचा शाळेचा इंटरव्ह्यू आलाय. तुमचं ऐकून ती 'शिप'ला 'शीप' म्हणते. जहाजाची मेंढी होते." निखिल, आमचे चिरंजीव, मोबाइलमध्ये.

संध्याकाळचं ते इराला वाचून दाखवणं. दिवसभरात तेवढंच कुणी माझ्याशी बोलायचं. तेही गेलं.

८ नोव्हें., शनि.
आपल्या मराठीत वीट, फूल, दूध, सगळं ऐसपैस लांबवूनच बोलतात. जीभ तिकडेच जाते, काय करू? वीज मंडळात जन्म गेला, साहेबांपुढे फाडफाड इंग्रजी बोललो, कुणाची हटकायची टाप नव्हती. आता पाच वर्षांच्या नातीसाठी इ आखूड करायची. घ्या!
करतो. नाही कुठे म्हणतोय.

१० नोव्हें., सोम.
खाली बाकावर सराव. शिप, शिप. फिश, फिश. लोक वेड्यात काढतील म्हणून फोन कानाला लावून बसतो. वॉचमन म्हणाला, "अंकल, तुम्हाला किती फोन येतात!" म्हटलं, हो ना.
अमरावती सोडल्यापासून खरा फोन एकट्या ताईचा. तोही सणावारी.

१५ नोव्हें., शनि.
मधुरापुढे परीक्षा. चहा गाळता गाळता ऐकत होती. "अय्या बाबा, परफेक्ट!" पुस्तक परत! खोलीत येऊन चक्क डोळे पुसले. म्हातारचळ, दुसरं काय.
इंटरव्ह्यू मंगळवारी.

१६ नोव्हें., रवि.
वाचायला बसलो. एकेक शब्द तोलूनमापून. इरा मांडीवर होती, हळूच खाली सरकली.
"आजोबा, असं नाही. हे फोनमधल्या बाईसारखं आहे. तुमचं वाचा ना."
"अगं, हेच बरोबर आहे."
"स्वल्प." चिमटीत दाखवलं एवढंसं. तिला सांभाळणाऱ्या कानडी अक्कांचा शब्द, हल्ली सारखा तोंडात. "स्वल्प तुमचं."
इतके दिवस मी कुणासाठी...
दारात मधुरा, वाळलेले कपडे कवेत घेऊन उभी. इरा परत मांडीवर चढली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली.
पान उलटलं. निळा समुद्र, वर हे एवढं मोठं जहाज.