गळती बघायला आलेली माणसं

शनिवार, सकाळ

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, छोटीच्या गालाला चिमटा. मी सुखरूप पोचले. तब्येत उत्तम आहे, चपलेचा अंगठा तुटला पण पाय शाबूत आहेत. तुमची खुशाली विचारत नाही, कारण वहिनीशी काल बोलणं झालं. काय झालं ते पुढे येईलच.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "बरोबर आहे, पण ऐक" म्हणतोस आणि मी ऐकत बसते. फोन ठेवल्यावर कळतं की माझं सांगायचं राहूनच गेलं. कागद मध्येच बोलत नाही. अक्षराला हसू नकोस, कॉलेज सोडल्यापासून सहीपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही.

प्रवास बरा झाला. बसमध्ये एक माणूस भला मोठा आरसा घेऊन बसला होता, कपाटाचा असावा. मला जागा मिळाली ती नेमकी त्याच्यासमोर. चढणारा प्रत्येक माणूस आधी केस सारखे करायचा आणि मग तिकीट काढायचा. कंडक्टरनंसुद्धा मिशी बघून घेतली. मला मात्र अख्खा रस्ता स्वतःचंच तोंड बघत यावं लागलं. शेवटी मी डोळे मिटून घेतले. ज्या कामाला निघाले होते त्या कामाला जाताना स्वतःचं तोंड इतकं बघू नये.

घर आहे तसंच आहे. फाटक उचलून धरल्याशिवाय कडी निघत नाही. खाली भाडेकरू आणि गच्चीवरच्या आपल्या खोलीत मी. तुझी जुनी सायकल इथेच आहे, तिच्या पुढच्या बास्केटमध्ये कबुतरीण अंडी उबवत बसलीय. तिलाही जागा रिकामी करायला सांगायचं का, ते कळव.

खालच्या मंडळींना तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस. भाड्याचं, दुरुस्तीचं सगळं तूच बघायचास, मी कुठेतरी भटकत असायचे. पण आता रोज त्यांच्याकडे जेवते, तेव्हा माझीही ओळख झालीय. काकू पुढच्या खोलीत मशीनवर बसलेली असते, तोंडात टाचण्या आणि तरी बोलणं चालूच. काका अँब्युलन्स चालवतात आणि घरी आल्यावर इतके हळू चालतात की वाटतं सगळी घाई बाहेर ठेवून आलेत. आणि आजोबा, काकूचे सासरे. गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायचे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. "आता मला माझा स्वतःचा नंबरही वाचता येत नाही," असं म्हणतात आणि आपणच हसतात. भिंतीला ती लाकडी दांडी आहे ना, खाटेपासून स्वयंपाकघरातून थेट बाथरूमपर्यंत, तिला हात लावून ते घरभर फिरतात. कोपऱ्यांवर काकूनं मऊ कापड शिवून गुंडाळलंय. मी पहिल्या दिवशी बघतच राहिले, ते कपबशी घेऊन चालले होते, थेंब सांडला नाही. मला डोळे असून रोज बशीत चहा सांडतो.

तर कामाचं.

तू सांगितलंस तसंच मी आल्या आल्या सांगितलं, की गुरुवारी गळती बघायला माणसं येणार आहेत. विक्रीचा शब्द काढायचा नाही, रविवारी विसार हातात पडला की मग यांना सांगता येईल, असं आपलं ठरलं होतं. मी हो म्हणाले होते, विसरलेले नाही. पण दादा, हे निमित्त शोधताना आपण दोघांनीही एक गोष्ट लक्षात घेतली नाही. या घराला खरंच गळती आहे.

काकूला इतका आनंद झाला की मला तिच्याकडे बघवेना. "शेवटी तुझ्या दादाला आठवण झाली बाई," म्हणाली आणि लगेच कामाला लागली. बुधवारी संध्याकाळी तिनं मशीन भिंतीपासून ओढून बाजूला ठेवलं. काकांनी ड्यूटी बदलून घेतली. शेजाऱ्यांची शिडी आली. आजोबा दिवसभर भिंतीवरून तळवा फिरवत होते, कुठलीही ओल दाखवायची राहू नये म्हणून.

गुरुवारी एजंट आला, टायबिय लावून. बरोबर ते नवरा-बायको. तरुण आहेत, तिला दिवस गेलेत. चांगली वाटली माणसं, हे आधीच सांगून ठेवते.

"या साहेब," काका म्हणाले. "आधी बाथरूमची भिंत बघा. ती बघितलीत की बाकीच्या बऱ्या वाटतील."

आजोबांनी तर त्या नवऱ्याचा हातच धरला. "इथं लावा हात. लावा हो, भिंत चावत नाही. गार लागलं? आता इथं. आता जरा खाली. पाइप आत फुटलाय. वरून रंग मारून भागणार नाही, रंगाऱ्याचं ऐका."

"वरवरचं आहे सगळं," एजंट म्हणाला.

"वरवरचं?" काकू म्हणाली. "कपाट सरकवू का?" आणि विचारता विचारता सरकवलंच. मागे ओलीचा हा एवढा काळा डाग, मांजर अंग ताणून झोपलं असावं तसा.

एजंटानं मला दाराआड घेतलं. कपाळाला घाम. "मॅडम, हे लोक घर दाखवताहेत की पाडताहेत?"

मला हसू येत होतं, खरं सांगते. शिडीवरून काका टाकीची चीर दाखवत होते, खाली काकू शिडी धरून त्यांना आठवण करून देत होती, "ती दुसरी पण दाखवा, ती मोठी." आपल्याच घराची अशी वरात निघालेली बघून हसावं की रडावं कळेना.

मग त्या बाईनं काकूला विचारलं, "सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं हो?"

"पुढच्या. म्हणून तर मशीन तिथं ठेवते. सुईत दोरा ओवायला दिवा लागत नाही." काकू कौतुकानं सांगत होती, आणि सांगता सांगता तिचा आवाज हळू झाला. गळती बघणाऱ्यांना ऊन कशाला हवं, हे तिच्या मनात आलेलं मला दिसलं.

नवऱ्याला काही दिसलं नाही. त्यानं दांडीवर हात ठेवला आणि बायकोला म्हणाला, "ही काढली की इथं पाळणा बसेल बघ."

दांडीच्या दुसऱ्या टोकाला आजोबांचा हात होता.

काकूनं कपाट परत जागेवर लावलं, एकटीनं, काका मदतीला आले तर त्यांना खांद्यानंच दूर केलं. मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं विचारलं, "मग गळती कधी दुरुस्त होणार?"

एजंट माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "लवकरच."

तेव्हासुद्धा मी लवकरच म्हणाले, दादा.

आत्ता फोन परत वाजला. तुझाच आहे. सकाळपासून वाजतोय, मला दिसतंय. उचलणार नाही. एजंटानं तुला काहीतरी सांगितलं असणार आणि तू "बरोबर आहे, पण ऐक" म्हणणार. आज तू ऐक.

गुरुवारी संध्याकाळी मला जेवायला हाक आली नाही. ताट वर आलं. झाकलेलं, जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलेलं, बाजूला पाण्याचा तांब्या. कोण ठेवून गेलं कळलं नाही. रोज मला जबरदस्तीनं वाढणाऱ्या घरानं भूक तेवढी विचारात घेतली होती, मला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मशीनचा आवाज बंद. मला त्या खडखडीची सवय झाली होती हे ती थांबल्यावर कळलं. एकदा मी एका पिठाच्या गिरणीवर राहायचे तेव्हाही असंच झालं होतं, पण ते राहू दे, ते फार लांबेल.

काल दुपारी आजोबा जिना चढून वर आले. वर येत नाहीत कधी. दारात थांबून म्हणाले, "भिंगरी, आहेस का पळालीस?"

"आहे आजोबा."

"बरं झालं. मुलगा म्हणतो वकील बघू. सून म्हणते घर बघू. मी म्हटलं, आधी पोरीला विचारू."

मी त्यांना खाटेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. घर विकतोय, ती माणसं विकत घेणारी होती, रविवारी विसार, आणि त्यांना घर रिकामं हवंय. हे सांगायला तू नको म्हणाला होतास. मी सांगितलं. एजंटानं तुझ्याकडे कागाळी केली असेल तर ती खरी आहे.

त्यांनी बोटांनी खाटेची कड चाचपली. मग म्हणाले, "घर तुमचं आहे. विकू नका असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? माझं म्हणणं निराळं आहे. हे घर मी डोळे होते तेव्हा बघून ठेवलंय. आता अंधारात चालतो ते त्या आठवणीवर, दांडी नुसती सोबतीला. पुढच्या घराला मी कधी बघितलेलंच नसणार. ते मला हातानं शिकावं लागेल, नवी लिपी शिकावी तसं. तेव्हा सामान हलवायच्या आधी मला रोज थोडा वेळ तिथं नेऊन सोडा. तेवढा अवधी द्या. बाकी भांडण नाही."

मी म्हटलं, देऊ. काय अधिकारानं म्हटलं देव जाणे.

उठता उठता म्हणाले, "फक्त तुझ्या दादाचं मला कोडं पडलंय. ही दांडी त्यानंच बसवली. स्वतः करवत घेऊन, दोन दिवस खपून. झाल्यावर माझा हात दांडीवर ठेवला आणि म्हणाला, आजोबा, या घराचं काहीही करायचं झालं तर सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन, स्वतः येऊन. मी काही मागितलं नव्हतं हं. आपण होऊन बोलला."

दादा, हे तू मला सांगितलं नव्हतंस. दांडी तू बसवलीस हेही नाही. मी आपली खुशीत होते, की इतक्या वर्षांनी दादानं एक जबाबदारीचं काम विश्वासानं माझ्यावर टाकलं. बसमध्ये त्या आरशात बघताना कसंनुसं होत होतं, तरी आत कुठेतरी बरं वाटत होतं. आता कळलं मला का पाठवलंस. तुला त्यांच्यासमोर उभं राहवलं नसतं. आणि माझं काय, आज इथे तर उद्या तिथे, माझ्या बोलण्याला कोण धरून बसणार.

तुझा राग आला. इतका, की वहिनीला फोन लावला, तिच्यापाशी भांडायला. ती आधी उडवाउडवी करत होती, मग रडायला लागली. तुमच्या घरमालकानं फ्लॅट विकलाय आणि तुम्हाला जागा सोडायचीय, हे तिनं मला सांगितलं. तू तेही लपवलंस. वहिनीवर रागावू नकोस, मी खोदून खोदून विचारलं. म्हणाली, मालक स्वतः आलाच नाही, तू जिना उतरत असताना वॉचमननं निरोप दिला. त्या दिवशी तू जेवला नाहीस. "घर त्याचं आहे, विकू दे, पण माणसानं तोंडावर येऊन सांगावं की नाही," असं म्हणत खोलीभर फेऱ्या मारत होतास.

आणि दुसऱ्या दिवशी तू मला तिकीट काढून पाठवलंस.

मी तुझी वॉचमन झाले रे.

म्हणून काल संध्याकाळी मी एजंटाला सांगितलं की रविवारी विसार नाही. तो बरंच बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग त्या बाईचा नंबर घेऊन तिच्याशी बोलले. भाडेकरू आपणहून जाताहेत असं त्यांना सांगितलं होतं म्हणे. ऐकून घेतलं तिनं. म्हणाली, "तुमच्या भावाशी बोलून घ्या. आम्ही थोडं थांबू, पण फार थांबता येणार नाही, मलाही बाळ यायच्या आत घर लावायचंय." तिचंही खरं आहे. या सगळ्यात खोटं असं एकाचंच निघालं आणि ते आपलं.

गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून तू चिडशील. चीड. विकू नको असं मी म्हणत नाही. तुला छप्पर हवंय, छोटीची शाळा आहे, हे मला कळतं. अर्धं घर माझं आहे आणि माझी सही मी देईन. पण तू इथे येऊन, खाली त्यांच्यासमोर बसून, आजोबांना हवा तेवढा अवधी कबूल केल्यावर. त्याआधी नाही. तू नाही आलास तर कधीच नाही.

सोमवारी मला डोंगरावरच्या त्या हॉटेलात कामाला हजर व्हायचं होतं. नाही म्हणून कळवलं. माझं बूड कुठे टेकत नाही असं तू चारचौघांत सांगत आलायस. आता गच्चीवर टेकलंय, कबुतरीण आणि मी, दोघी हलणार नाही.

आज सकाळी मशीन सुरू झालं. ताट अजून पायरीवरच येतं, पण आज त्यात लोणचं जास्त होतं. काकूला माहीत आहे मला आवडतं. यावरून काही ठरवू नकोस, मीही ठरवत नाही.

पत्र लिहितेय म्हटल्यावर आजोबांनी तुला एक निरोप दिलाय, त्यांच्याच शब्दांत लिहिते: "त्याला म्हणावं, ये. मला दिसत नाही, तेव्हा माझ्याकडे बघायची लाज वाटायचं तुला कारण नाही."

फाटक उचलून धरलंस तरच उघडतं, लक्षात ठेव.

तुझी बहीणच,
भिंगरी