शुक्रवारचा अंधार

५ नोव्हेंबर २००६, रविवार. काल्हेर, भिवंडी.
संध्याकाळी पुन्हा लाइट गेली. अंधारात कमळने गरम वरणाचं पातेलं माझ्या पायावर ठेवलं. तिला वाटलं, पाट आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण बायकोला नवऱ्याचा पाय ओळखता येत नाही.

निर्णय: या घरातल्या लोडशेडिंगचा बंदोबस्त मी करणार. घाईने नाही, अभ्यास करून. घाईने वस्तू घेणारा माणूस बघायचा असेल तर भिंतीपलीकडे आहे. अनंता, माझा चुलतभाऊ. दिवाळीत इन्व्हर्टर घेतला. लाइट गेली की त्याच्या ओट्यावर ट्यूब पेटते आणि हा मुद्दाम पेपर वाचत बसतो. एरवी अनंताने पेपर फक्त बोंबील गुंडाळायला वापरला.

भाविका म्हणाली, पप्पा, काकांसारखा इन्व्हर्टरच घेऊन टाका ना. मी म्हणालो, अनंतासारखंच करायचं तर मग मी कशाला जन्माला आलो. ती उठून आत गेली. पटलं असावं.

७ नोव्हेंबर, मंगळवार.
पर्यायांचा अभ्यास.
मेणबत्ती: तरे घराण्याला शोभत नाही. कंदील: माळ्यावर आहे, काच नाही. गॅसबत्ती: वरातीत दुसऱ्याच्या डोक्यावर बरी दिसते. जनरेटर: आवाज, धूर, शिवाय मला विचार करायला शांतता लागते. इन्व्हर्टर: तांत्रिकदृष्ट्या उत्तम. पण अनंता.
राहता राहिला चार्जिंगचा इमर्जन्सी लाइट. सुटसुटीत, आधुनिक, उचलून कुठेही नेता येतो. अनंताने त्याचा इन्व्हर्टर उचलून दाखवावा.
कमळ म्हणाली, लाइट येल नि जाल, तुमचा अभ्यास काय सरायचा न्हाय. दुर्लक्ष केलं.

९ नोव्हेंबर, गुरुवार.
वीज ऑफिसला फोन लावला. ज्याने उचलला त्याला चांगलं फैलावर घेतलं. नागरिक, हक्क, वरिष्ठांकडे तक्रार, सगळं आलं. शेवटी तो म्हणाला, राँग नंबर, ही बेकरी आहे. तरी निरोप पोचत असतो.

१० नोव्हेंबर, शुक्रवार.
आज लाइट गेलीच नाही. बेकरीवाल्याची ओळख असणार.

१२ नोव्हेंबर, रविवार.
भाविकाला स्थळ आलं. पडघ्याचे चांगदेव शेलार, बाजारात बियाण्यांचं दुकान. मुलगा प्रितेश, इथे हायवेजवळच्या गोडाऊनला सुपरवायझर. भाविका ज्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, तेच गोडाऊन. योगायोग. कमळने फोटो दाखवायच्या आधीच भाविका म्हणाली की तो चहात साखर घेत नाही. निरीक्षणशक्ती माझ्यावर गेली आहे.

शुक्रवार २४ तारखेला संध्याकाळी बघायला येणार. वार मी ठरवला. वेळही. सात वाजले की आपल्याकडे लाइट जाते. अख्खं काल्हेर काळोखात आणि केसरीनाथ तरेंच्या घरात लखलखाट. शेलार मंडळींना कळेल, मुलगी कसल्या घरातली आहे. शुक्रवार झकास, असं कमळही लगेच म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमत.

भाविका जवळ येऊन म्हणाली, पप्पा, मला हे स्थळ हवंय. त्या दिवशी तुम्ही नुसते बसा. काही म्हणजे काहीच करू नका. बापाला दगदग नको, एवढा विचार हल्लीच्या मुली करत नाहीत.

१५ नोव्हेंबर, बुधवार.
भिवंडीत, निजामपुऱ्यात सिराजच्या दुकानी. सिराज माझ्या वर्गातला, आता इलेक्ट्रिकचा माल विकतो. म्हणाला, केसरी, घरके वास्ते इन्व्हर्टर ले, ह्या चायना मालाची ग्यारंटी मी देनार न्हाय. त्याला धंदा करता येत नाही, हे शाळेपासूनचं मत कायम.

सगळ्यांत मोठा घेतला. पाच वस्तू एकात: दोन ट्यूब, टॉर्च, रेडिओ, डोक्यावर पंखा आणि सायरन. सायरन कशासाठी, असं सिराजला विचारलं. म्हणाला, वो तो बनानेवालोंकोच मालूम. लाइट गेली की आपोआप पेटतो. सिराज म्हणाला, आधी रातभर चार्जिंग कर आनि उगाच चालू-बंद करू नको, बॅटरी मरंल. मी हो म्हणालो. दुकानदाराचं मन मोडू नये.

१६ नोव्हेंबर, गुरुवार.
ऐतिहासिक क्षण. नेमकी तिन्हीसांजेला लाइट गेली आणि माझा इमर्जन्सी लाइट आपोआप पेटला. कमळ स्वयंपाकघरातून आली, पदर डोक्यावर घेतला आणि त्याला हात जोडले. ती म्हणते, संध्याकाळचा पैला उजेड कोनताबी असो, हात जोडाचं असतात. म्हणो बापडी. मी होतो तिथे. नमस्कार मनापासून होता.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार.
आज पुन्हा लाइट गेली नाही. माझा वचक जरा जास्तच बसलेला दिसतो. बेकरीला फोन करून सांगायला हवं, २४ तारखेला नेहमीप्रमाणे घालवा.

२१ नोव्हेंबर, मंगळवार.
तालीम जोरात. दिवसातून आठ-दहा वेळा प्लग काढून बघतो. दर वेळी पेटतो. उजेड मात्र हल्ली जरा सौम्य. डोळ्यांना बरा.
एक बारीक गोष्ट. टेबलाला धक्का लागला की सायरन सुरू होतो, आणि तो बंद करायचं बटण आत गेलं आहे. उलटा करून पाठीत थोपटलं की थांबतो. अनंता भिंतीवरून डोकावला, अँब्युलन्स कुनासाठी बोलावलीस, विचारत होता. मत्सर.
कमळ म्हणाली, चांगलंच दिवं लावलंत. तिच्या तोंडून कौतुक सहसा निघत नाही. तारखेनिशी नोंदवतो.

२३ नोव्हेंबर, गुरुवार.
सायरनबद्दल विचारायला सिराजला फोन केला. बोलता बोलता उद्याच्या कार्यक्रमाचं सांगितलं. सात वाजता लाइट जाईल, मग बघ. सिराज इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, अरे केसरी, कल जुमा है. शहरातलं सगलं लूम बंद. लूम बंद तं लोड न्हाय, लोड न्हाय तं बत्ती क्यूं जायेंगी?

फोन ठेवला. बराच वेळ ओट्यावर बसलो. शुक्रवारी लूमना, म्हणजे यंत्रमागांना सुट्टी असते, हे भिवंडीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. शुक्रवारी रस्त्यात खडखडाट ऐकू येत नाही म्हणून तेही उशिरापर्यंत झोपतं. मलाही माहीत होतं. फक्त त्या दिशेने विचार केला नव्हता. कमळ शुक्रवारला एवढी पटकन का तयार झाली, तेही आत्ता लक्षात आलं.
म्हणजे उद्या लाइट असणार. सगळ्यांच्या घरी. अनंताच्यासुद्धा. माझ्यात आणि त्याच्यात फरक तो काय राहिला?
उपाय सापडला आहे. इथे लिहीत नाही. मेन स्विच जिन्याखाली आहे, एवढंच लिहून ठेवतो.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार.
लाइट आहे. कमळ गुणगुणते आहे. भाविकाने हिरवी साडी काढली आहे. इतकी आनंदात तिला बारावी सुटल्यापासून पाहिली नव्हती. शेवटची तालीम घेतली, जेवणापासून चहापर्यंत सलग. आता खात्री झाली.

सात वाजून गेले.
जीप दारात लागली. मेन खाली ओढला. दांडा हातात आला. काळजीचं कारण नाही.

थोड्या वेळाने.
सायरन.

२५ नोव्हेंबर, शनिवार.
काल जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे उद्या कोणी उलटसुलट सांगायला नको.

मंडळी उतरली तेव्हा फक्त आमच्या घरात अंधार होता. चांगदेवांची आई ठकुबाई, वय झालंय पण नजर तीक्ष्ण. दारातच म्हणाली, समोर तं झगझगाट हाय, न तुमच्याच घरान काळोख कसा? आमचा एकच फेज गेलाय, असं मी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.
इमर्जन्सी लाइट पेटला होता. म्हणजे जवळ गेलं तर पेटलेला दिसत होता. मी त्याची माहिती देत असताना चांगदेव खुर्ची समजून टेबलावर टेकले. सायरन लागला. मी उलटा करून थोपटलं. सायरन थांबला, पंखा सुरू झाला, रेडिओवर कोणीतरी तूरडाळीचे भाव सांगू लागलं आणि मग सगळंच बंद पडलं. भाविका पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिचं तोंड दिसलं नाही. एवढंच काय ते अंधाराने माझ्यासाठी केलं.

तेवढ्यात भिंतीवरून अनंताच्या बॅटरीचा झोत आला. म्हणाला, वहिनी, पावन्यांना हिकरं आमच्या ओट्यावर घेऊन या, ट्यूब लावलीय. सगळे उठले. पोहेसुद्धा गेले.

मी थांबलो. घर उघडं टाकून कसं जाणार? खरं म्हणजे मेनचा दांडा अजून हातात होता, आणि तो कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं. खिशात मावत नव्हता. जिन्याखाली बसलो. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. ठकुबाईने भाविकाला काहीतरी विचारलं, सगळे हसले. प्रितेशचा चहा बिनसाखरेचा, हे तिने न विचारताच सांगितलं, तेव्हा आणखी हसले. मग चांगदेव म्हणाले, आता लांबन कशाला, आजच सुपारी फोडूया.
कमळने भिंतीपलीकडून हाक मारली, अवो, येताव ना? मी म्हणालो, काम होत आलंय, पाचच मिनिटं. तिने पुन्हा मारली. मी पुन्हा तेच म्हणालो. मग सुपारी फुटल्याचा आवाज आला. बापाच्या जागी पाटावर अनंता बसला होता.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

२६ नोव्हेंबर, रविवार.
वायरमनने मेन बदलला. दांडा का तुटला, विचारत होता. जुना माल, म्हणालो.
अनंता सकाळी ओट्यावर होता. टोमणा मारेल म्हणून मी चार उत्तरं तयार ठेवली होती. तो म्हणाला, केसरी, पोरीचं चांगलं झालं रं. आणि पेपर वाचायला लागला. उत्तरं वाया गेली.

३ डिसेंबर, रविवार.
लग्न मे महिन्यात. हळदीच्या मांडवात रोषणाई कशी असावी, हा विषय जेवताना निघाला. माझ्या डोक्यात एक संपूर्ण योजना तयार आहे. तोंड उघडलं, तर कमळने ताटात आणखी एक पापोलेट वाढलं. मोठं होतं. खाईपर्यंत रोषणाईचं काम अनंताकडे गेलं.

हात धुऊन ओट्यावर बसलो होतो. भाविका शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, पप्पा, लग्नाच्या पत्रिकेत नाव तुमचंच टाकलंय.
मी काही विचारलं नव्हतं.