गुरुजींची गाडी अन् पुसेगावचा रस्ता

३ मार्च, सोम.
डोंगरकड्याचे गुरुजी गाडी टाकून गेले. चालता चालता बंद पडते, जरा दम खाल्ला की आपोआप चालू. दुसऱ्या मेस्त्रीनं पेट्रोलचा पंप नवा टाकून दिलाय, तरी तेच. "तुझ्याकडनं होत असंल तर सांग, न्हाईतर नांदेडला नेतो." न्या की मंग. तोंडावर बोललो न्हाई.
फ्यूज बराबर. हॉर्नचा रिले, करंट जोडणारी डबी, काढून पंपाला लावून पाहिला, फरक न्हाई. पंपाच्या कपलरवर, वायरीच्या जोडावर, मीटर बारा व्होल्ट दाखवतो. दुकानासमोर दिवसभर चालू ठेवली तर बंद पडायचं नाव न्हाई. बेशरम गाडी.
जेवताना मायनं पुन्हा तेच काढलं. प्रज्ञाला आणायला कधी जातोस. बाळंतपणाला माहेरी गेलेली बायको लेकराबिगर कशी आणायची असते, ते कोणी सांगत न्हाई.

४ मार्च
प्र.ला फोन. उचलला मामींनी, तिच्या आईनं. "झोपलीय." भर दुपारी. बरं.
बाळ तीन दिवस होतं. दवाखान्यात काचेच्या पेटीत. मी बाहेरून पाहिलं, हात लावू दिला न्हाई. तवापासून आमच्या घरात त्याच्यावर एक शब्द न्हाई. मी दुकानात असताना मायनं पाळणा माळ्यावर टाकून दिला. मी बी विचारलं न्हाई.

६ मार्च, गुरु.
उन्हात रस्त्यावर ताणल्याबिगर ही गाडी फॉल्ट दाखवणार न्हाई. ट्रायलला कळमनुरीचा रस्ता चांगला हाय. तरी सेनगावच्या अंगाला घेतली, प्र.चं माहेर पुसेगाव तिकडंच. स्वतःशी काय खोटं बोलावं.
पुसेगावात सगळीकडं हळद शिजवल्याचा वास. मामांच्या, म्हंजे सासऱ्यांच्या दारावरून हळू नेली. दोरीवर प्र.ची हिरवी ओढणी वाळत होती. थांबायची हिंमत झाली न्हाई. गाडी शहाण्यासारखी गेली अन् शहाण्यासारखी परत आली.

७ मार्च, शुक्र.
पुन्हा तोच रस्ता. आज बंद पडली. कुठं, तर बराबर मामांच्या दारासमोर. खरंच पडली. पण कोण ऐकतंय.
मामा ओट्यावरून उठले. "काय जावईबापू, जागा बराबर शोधली तुमच्या गाडीनं." शेजारचे हसून राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
मागची सीट उपसली. पंप वाजतो का ते बघायचं तर एकानं किल्ली फिरवायची, दुसऱ्यानं टाकीपाशी कान लावायचा. एकट्याचं काम न्हाई. मामा म्हणले मला त्यातलं काय कळत न्हाई. तवा प्र. आतून आली. लय वाळलीय. कानाला बाळंतिणीचा रुमाल बांधलेला. काही न बोलता स्टेअरिंगवर बसली.
"लाव."
"बंद कर."
"लाव."
इतक्या दिवसांनी बोललो, ते हे.
कान टेकवून पडलो होतो. सातव्या महिन्यात तिच्या पोटाला कान लावून असाच पडायचो. तिलाही तेच आठवलं असंल, किल्लीवरचा हात थांबला. मी पण लाव म्हणलो न्हाई.
मंग कामाला लागलो. आवाज कवा येतो, कवा न्हाई. कपलरला बल्ब लावला, नुसता मिणमिण. मीटर बारा दाखवतो अन् बल्ब नीट पेटत न्हाई. बल्बचं अर्थाचं, मायनसचं टोक सीटच्या नटाला धरलं तर लख्ख. म्हंजे पंप चांगला, करंट चांगला, अर्थ खराब. गाडीला मागून धक्का बसलेला, डेंटिंगवाल्यानं अर्थाचा बोल्ट ताज्या रंगावरच कसून टाकलेला. पत्र्यावरचा रंग खरवडला, बोल्ट आवळला. पंप वाजला, एकसारखा.
"झाली?"
"झाली."
ती उतरली न्हाई. समोरच्या काचेकडं बघून म्हणली, "तुमच्या घरी त्याच्याबद्दल कोणी बोलत न्हाई. जसं काय मला काही झालंच न्हाई. मी तिथं कशी राहू?" मी पाने पिशवीत टाकून राहिलो. मंग म्हणली, "तुमी त्याचं नाव काय ठेवणार होता?"
मी म्हणलं, आता काय उपयोग.
ती उतरून आत गेली. गाडी घेऊन आलो. झक मारली अन् तोंड उघडलं.

९ मार्च, रवि.
गुरुजी गाडी घेऊन गेले, खूश. आता पुसेगावला जायला कारण उरलं न्हाई.
एका ट्रॅक्टरच्या बॅटरीचं प्लस-मायनस उलटं लावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ठिणग्या उडाल्या तवा भानावर आलो.
माय म्हणली, तरणी हाव तुमी, दुसरं होईल. ताटावरून उठलो. ती रडली. तिचा बी नातू होता, हे मला आज सुचून राहिलं.

१२ मार्च, बुध.
मोटारसायकलवर गेलो. प्र. दारात सूप घेऊन बसलेली.
"गाडी बंद पडली व्हय परत?"
"न्हाई."
"मंग?"
उभ्या उभ्याच सांगितलं. सम्यक. पोरगं झालं तर सम्यक ठेवणार होतो. बारशालाच सांगीन म्हणून तुला बोललो नव्हतो.
तिनं सूप खाली ठेवलं. नाव एकदा म्हणून पाहिलं, हळू. मंग अशी रडली की मामी आतून पळत आल्या. मी पण रडलो, मामांसमोर, गल्लीसमोर.
चहा झाला. निघताना चल म्हणावं, हे ओठावर आलेलं. पण म्हणलो न्हाई. ती फाटकापर्यंत आली. म्हणली, "मायला सांगा त्याचं नाव. मंग बघू."
घरी आलो तवा माय भाकरी टाकून राहिली होती. नाव सांगायचं म्हणून तिच्या पाठीमागं जाऊन उभा राहिलो. तिनं विचारलं, "काय रे, भूक लागली?" मी व्हय म्हणलं.