कॉम्प्युटर खोलीची किल्ली

सुरत, मंगळवार, १९९७

दमलो. मिलच्या कॉम्प्युटरवरच्या युनिक्स सिस्टिमच्या गाभ्यातच, कर्नलमध्येच, भोक आहे, हे शेठना पटेना. म्हणून आज त्यांच्यासमोर साध्या कारकुनाच्या लॉगिननं शिरलो आणि बघता बघता अख्ख्या मशीनचा मालक झालो. म्हटलं, दुरुस्तीला दिवसभर मशीन बंद ठेवावं लागेल.

शेठ हसले. "पाटीलभाई, सीझन में बंद? और ये आता किसको है? आपको ही ने?"

मग त्यांनी माझ्याकडची कॉम्प्युटर खोलीची किल्ली मागितली. दिली. दाखवायलाच नको होतं का?

घराचं कुलूप उघडताना जुडगा हलका लागला. त्या किल्लीनं काय होणार? कारकुनांची टर्मिनलं तर खोलीबाहेरच आहेत, शिरता येतं ते तिथूनच. भोक तसंच. उद्या खरंच कोणी शिरलं, तर शेठ पहिलं नाव माझंच घेतील.