डोळ्यांतला ठिपका

३ फेब्रुवारी, मंगळवार
कुळगावला आलो. उल्हासनगरचं फ्रेमचं दुकान बंद केलं. वेणूबाईंनी माडीवरची खोली दिली. बदल्यात त्यांच्या सासरच्या एका बाईचं दीडशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र साफ करून द्यायचं. खोली हवेशीर आहे. यशोधराला आवडली असती. बायको जाऊन तीन महिने झाले. तिचा फोटो चित्रासमोरच्या भिंतीवर लावला. चहा केला. ती अर्धाच चमचा साखर घ्यायची; आता मीही तेवढीच घेतो.

वेणूबाई हसत म्हणाल्या, "जास्त नटवू नका हां तिला. आमचे हे आधीच बायकोपेक्षा तिच्याकडं जास्त बघायचे."

६ फेब्रुवारी, शुक्रवार
धुराचा थर निघाला. चिताऱ्याचा हात चांगला. नथीचे मोती जाड रंगात, बोटाला लागतील असे. चेहरा मात्र इतका पातळ की खालचं कापड दिसतं. मान किंचित कलती. दुःखी म्हणावं, तर कपाळावर एक आठी नाही. नजर कुठेच पोचत नाही. संध्याकाळी कारण सापडलं. बुबुळांत उजेडाचा पांढरा ठिपका नाही. पूर्वी कुणी पुसताना गेला असावा.

७ फेब्रुवारी, शनिवार
दोन्ही डोळ्यांत ठिपका दिला. ती बघू लागली. यशोधरा बघायची तशी, डोळे जरा बारीक करून. खूप वेळ रडलो. तीन महिन्यांत कुणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

९ फेब्रुवारी
वेणूबाई वर आल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, ठिपका कधी नव्हताच. चितारी आला तेव्हा बाई गेलेली होती. उशांना टेकवून बसवली आणि काढली. मेलेल्या डोळ्यांत उजेड द्यायचा नाही, म्हणून त्याने तो सोडला होता. "पुसा, भाऊ. आत्ताच्या आत्ता."
पुसला नाही.

११ फेब्रुवारी
यशोधराच्या फोटोतले डोळे विझलेत. फोटो मीच काढला होता, खिडकीपाशी. उजेड होता. चित्रातल्या बाईच्या हनुवटीवर आज तीळ आहे. हा यशोधराचा तीळ. फोटोत आता तो —

१२ फेब्रुवारी
फोटोत नुसती साडी. वर कोरा कागद. तिचा आवाज आठवत नाही. कापूस, टर्पेंटाइन हातात घेतलं. पुसलं तर ही नजरही जाईल. आता ती दुसरीकडे कुठेच —

१३
नाही पुसला. चहा टाकला. दोन कप. एक चित्रापुढे ठेवला. डबा उघडला. ती साखर — किती —